पाव पोटाची बखर

भंडारा हे भांड्यांचे गाव. पितळेच्या घागरी, गुंड, पराती घडवता घडवता इथल्या कित्येक पिढ्यांचे कान बहिरे झाले. गावाचे जुने नाव भाणारा. रतनपूरच्या एका शिलालेखात ते सापडते, असे गॅझेटिअरने लिहून ठेवले आहे. जुन्या मराठीत भाणे म्हणजे ताट. या दोन शब्दांचे नाते कोणा पंडिताने सिद्ध केलेले नाही, पण जेवणाऱ्या माणसाला एवढा पुरावा पुरतो. बरे, इथून हिंदी मुलखात गेलात तर ‘भंडारा’ म्हणजे सरळसरळ गावजेवण. भोवती धानाच्या बांध्या, मालगुजारांच्या काळचे तलाव, तलावांत मासे आणि शिंगाडे. अशा गावी जन्मलेला माणूस चाळिशीत शंभर किलो आणि पन्नाशी ओलांडताना एकशे एकतीस किलो भरला, तर यात भूगोलाचा वाटा किती आणि त्याचा स्वतःचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

मी हायस्कुलात तीस वर्षे इतिहास शिकवला. प्रतापगडचा प्रसंग आला की मागच्या बाकावर खसखस पिके, आणि खानाचे पोट आले की चाळीस जोडी डोळे माझ्या पोटाकडे वळत. पोरांची दूरदृष्टी मोठी म्हणायची. जानेवारी २०१९ मध्ये नागपूरच्या एका इस्पितळात माझे जठर खरोखरच कापण्यात आले. चार हिश्शांपैकी तीन काढले, एक ठेवला. पण इतिहासाच्या मास्तराचे पोट गेले तरी खोड जात नाही. इतर रोगी ऑपरेशनच्या आधी देवाचे नाव घेतात, मी सनावळी घेतली. तीच ही बखर.

आधी भाषेचे पाहू. मराठी माणसाचे पोट हे नुसते अन्नाचे कोठार नाही. अपराध पोटात घालतात, गुपित पोटात ठेवतात, माया पोटातून येते, लेकरू पोटचे असते, आणि नोकरी जाते तेव्हा पाय पोटावर येतो. एवढा मोठा संसार ज्या भांड्यात मांडलेला, त्याचाच पाऊण भाग जाणार म्हटल्यावर मी सौभाग्यवतींना गंभीरपणे म्हणालो, ‘‘यापुढे तुमचे अपराध पोटात घालायला जागा राहणार नाही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘अहो, तुमचे घालून घालून माझं पोट वाढलं, त्याचं काय?’’

आता आमच्या जातीचा, म्हणजे लठ्ठ लोकांचा, इतिहास. चरकसंहितेत अष्टौनिंदितीय नावाचा अध्याय आहे. निंद्य शरीराची आठ माणसे त्यात सांगितली आहेत : फार उंच, फार ठेंगू, फार केसाळ, अजिबात केस नसलेला, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ आणि फार रोड. लठ्ठपणाच्या कारणांत चरकाने अति खाणे आणि दिवसा झोपणे तर धरलेच, पण सदा आनंदात राहणे हेही धरले. विनोदी लेखकांनी नोंद घ्यावी. शिवाय बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा, हेही कारण त्यात आहे. आणि फार भूक, फार तहान या गोष्टी त्याने लठ्ठ माणसाच्या व्याधीत मोजल्या आहेत. इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. मला आयुष्यभर लोकांनी सांगितले होते की भूक आवरत नाही हा स्वभाव. चरक म्हणतो, हे दुखणे.

युरोपात हे दुखणे एका राजाला झाले. स्पेनमधल्या लेओनचा राजा सांचो इतका लठ्ठ होता की घोड्यावर बसेना. सरदारांनी ९५८ साली त्याला गादीवरून उतरवला. त्याची आजी तोदा, नवारची राणी, मोठी खमकी बाई. तिने नातवाला उचलून (हा वाक्प्रचार आहे) थेट कोर्दोव्याच्या खलिफाच्या दरबारी नेले. तिथल्या हसदाई इब्न शापरूत या यहुदी वैद्याने त्याला वाळवला आणि ९६० मध्ये सांचो पुन्हा गादीवर बसला. वैद्याने त्याचे ओठ शिवून टाकले आणि नळीने पातळ काढे पाजले अशी दंतकथा आहे. दातांपर्यंत काही पोचू नये म्हणून केलेल्या उपायाची कथा दंतकथाच असायची. पण गादी वजनावरून जाते आणि वजनावरून परत मिळते, हा राज्यशास्त्राचा मोठा धडा आमच्या क्रमिक पुस्तकात कधी आला नाही.

ओठ शिवण्यावरून टाक्यांची आठवण झाली. आतड्याला भोक पडले तर कडा जुळवून त्यांवर मोठे काळे मुंगळे चावायला लावावेत, चावा घट्ट बसला की धड तोडून टाकावे आणि डोकी तशीच ठेवावीत, असे सुश्रुताने सांगितले आहे. वाचताना अंगावर काटा येतो, पण युक्ती पाहा : दोन कडा, मध्ये चिमटा, आणि चिमटा आतच सोडून द्यायचा. हीच युक्ती बुडापेस्टच्या हुल्टल नावाच्या सर्जनने १९०८ मध्ये यंत्रात उतरवली. ते यंत्र साडेतीन किलोंच्या वर भरे आणि जुळवायलाच दोन तास लागत. पुढे रशियनांनी ते सुधारले. १९५८ मध्ये रॅव्हिच हे अमेरिकन सर्जन कीव्हला गेले होते, तिथे त्यांनी ते पाहिले आणि अमेरिकेत नेले. माझ्या पोटात जी टायटॅनियमच्या टाक्यांची ओळ आहे तिचे घराणे हे असे, मुंगळ्यांपासून सुरू होणारे. शाळेच्या ऑफिसात कागदांना जे स्टेपलर मारतात त्याचाच हा थोरला भाऊ.

खास वजन उतरवण्यासाठी पोटाला हात घालण्याची कल्पना मात्र १९५० नंतरची. १९५४ साली मिनेसोटात क्रेमेन आणि लिनर या सर्जनांच्या मंडळीने लहान आतड्याला वळसा घालण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. (त्याच वर्षी इकडे भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर ती हरले. आमच्या गावाचा हा अपराध इतिहासाने अजून पोटात घातलेला नाही.) लहान आतडे म्हणजे वीसेक फुटांची नळी. तिचा बहुतेक भाग बाजूला टाकून अन्नासाठी जेमतेम अठरा इंच ठेवायचे, अशी रीत पुढे रूढ झाली. गावाला बाहेरून रस्ता काढला की गावातला बाजार बसतो, तसे झाले. माणसे झरझर उतरली, पण जुलाब थांबेनात, मूतखडे झाले, कित्येकांची यकृते निकामी झाली. बरेच जण पुन्हा टेबलावर आले आणि आतडे जोडून घेऊन गेले. १९८० च्या सुमाराला हे ऑपरेशन मागे पडले. त्या पहिल्या लोकांचे मला फार वाटते. त्यांनी हौसेने पोट कापून घेतले असे कोणी म्हणेल. अठरा इंच आतड्यावर जगायला जो तयार होतो, तो आधी कशावर जगत असेल?

शहाणपण दुसऱ्या दाराने आले. आयोवा विद्यापीठातले डॉ. एडवर्ड मेसन अल्सरच्या रोग्यांची जठरे कापत. जठराचा मोठा भाग गेलेल्या रोग्यांचे वजन काही केल्या वाढत नाही, हे त्यांनी हेरले. मग १९६६ मध्ये त्यांनी आणि इतो यांनी जठराला छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडण्याचे ऑपरेशन लठ्ठ माणसावर केले. त्याला गॅस्ट्रिक बायपास म्हणतात, आणि सुधारलेल्या रूपात ते आजही चालते. मेसन स्वतः शंभर वर्षे जगून डिसेंबर २०२० मध्ये वारले. माणसाने दुसऱ्यांची पोटे कमी केली तरी स्वतःचे आयुष्य वाढू शकते.

या सगळ्यांत मला टेबलापर्यंत नेणारा सन १९९५. त्या वर्षी नॉर्थ कॅरोलिनातले डॉ. वॉल्टर पोरीस यांनी एक निबंध लिहिला. त्याच्या मथळ्याचा मतलब असा, की ‘असे असेल हे कोणाच्या ध्यानीमनी होते?’ बायपास झालेल्या सहाशेंवर लोकांना चौदा वर्षे पाहून त्यांनी सांगितले की, यांतल्या बहुतेक मधुमेहींची साखर ताळ्यावर आली, आणि तीही वजन उतरण्याची वाट न पाहता, काही दिवसांतच. पोट कापायचे आणि साखर उतरायची! दुखणे एकीकडे आणि पोटीस दुसरीकडे, असे वाटावे असा प्रकार.

साखर हा आमच्या घरात विनोदाचा विषय नव्हता. माझे वडील धानाच्या अडतीत दिवाणजी होते. एकशे दहा किलो वजन, खणखणीत आवाज, पंगतीत वाढप्याला हाक मारली की चुलीवरचा आचारी दचके. १९९४ मध्ये त्यांच्या अंगठ्याला चप्पल लागली. आधी अंगठा गेला, मग पाऊल गेले, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटची दीड वर्षे ते ओसरीवर बसून रस्त्याने जाणाऱ्यांच्या चपला पाहत. त्यानंतर त्यांनी कोणाला हाक मारल्याचे मला आठवत नाही. २०१८ च्या पावसाळ्यात माझ्या उजव्या टाचेला खडा टोचला आणि ती जखम दिवाळीपर्यंत भरली नाही. तेव्हा रोज साठ युनिट इन्सुलिन मी टोचून घेत होतो. सौभाग्यवती रोज संध्याकाळी त्या टाचेवर पट्टी बांधीत. बोलत काहीच नसत.

वजनाचे एक सूत्र आहे : किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. हे सूत्र केतले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाचे. ज्याची आकाशातले गोल मोजण्यात हयात गेली, त्याने जमिनीवरचे मोजले यात नवल नाही. माझा आकडा सेहेचाळीसच्या वर आला. ऑपरेशनला त्या वेळी आपल्याकडे साडेसदतीस पुरे, आणि मधुमेह वगैरे असेल तर साडेबत्तीसही. गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याला ही सवलत जरा अगोदर मिळते. का, त्याची गोष्ट पुण्याची आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यूडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात स्वतःचेच दोन फोटो छापले. दोघांचा आकडा तंतोतंत एक, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराची २१.२! तेव्हा वाचकहो, आरशात पाहून माझ्यावर हसू नका. तुम्ही आतून माझेच भाऊबंद असण्याचा संभव आहे.

‘बॅरिॲट्रिक’ हा शब्द आमच्या भागात पोचला तो सप्टेंबर २०११ मध्ये. नागपूरचे नितीन गडकरी तेव्हा भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. त्यांनी मुंबईत डॉ. मुफझल लकडावाला यांच्याकडून हे ऑपरेशन करून घेतले. आमच्या चौकातल्या पानठेल्यावर त्याचे लगेच ‘बॅरिस्टर ऑपरेशन’ झाले. पुढे २०१४ मध्ये त्यांच्याकडे देशाच्या रस्त्यांचे खाते आले आणि बायपास या शब्दाला वेगळेच दिवस आले, ते सोडा. पण एवढ्या मोठ्या पुढाऱ्याने हे उघडपणे केले, लपवले नाही, याचा आमच्यासारख्यांना फार आधार झाला. त्याआधी लठ्ठ माणूस नुसता ‘थायरॉइडचं बघताहेत’ म्हणे.

दुसरी आठवण कडू आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मालवाहू विमानाने मुंबईला आणले. वजन सुमारे पाचशे किलो सांगत. क्रेनने त्यांना इस्पितळात चढवताना सगळा देश टीव्हीसमोर बसला होता. ऑपरेशन झाले, त्या पुढे अबूधाबीला गेल्या आणि त्याच सप्टेंबरात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, वारल्या. त्या दिवशी क्रेनचे दृश्य पाहताना आमच्या शेजारच्या ओसरीवर चहा चालू होता आणि कोणीतरी माझ्याकडे पाहून ‘गुरुजी, तुम्हाला छोटी क्रेन पुरेल’ म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. लठ्ठ माणसाला आपल्यावरच्या विनोदात सर्वांच्या आधी हसावे लागते. ती आमची घरपट्टी आहे.

माझ्यावर झाले ते स्लीव्ह, म्हणजे बाहीचे ऑपरेशन. जठर उभे कापून शर्टाच्या बाहीसारखी नळी ठेवायची. याची जन्मकथा आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकवाल्यांनी ऐकावी अशी. मूळ प्रयोग दोन अंकी होता. अतिवजनदार रोग्याला एकदम मोठे ऑपरेशन झेपत नाही, म्हणून २००० च्या सुमाराला न्यूयॉर्कचे गान्ये वगैरे सर्जन पहिल्या अंकात नुसती बाही करीत आणि काही महिन्यांनी दुसऱ्या अंकात आतड्याचे काम करीत. पण पहिल्या अंकानंतर कित्येक रोगी असे उतरले की दुसऱ्याची गरजच राहिली नाही. पहिल्याच अंकाला टाळ्या, पडदा आणि बिदागी! आमच्याकडे दिवाळीनंतर नाटके रात्रभर चालतात, तिथे हे खपले नसते.

बिदागी म्हणजे बिल मात्र माझे मलाच द्यावे लागले. ‘हे सौंदर्यासाठी आहे’ असे विमा कंपनीने लेखी कळवले. माझ्या सौंदर्याची अशी लेखी दखल आयुष्यात प्रथमच घेतली गेली, म्हणून ते पत्र जपून ठेवले आहे. (पुढे विमा नियामकांच्या नव्या नियमांनी ठरावीक आकड्याच्या वरच्या रोग्यांना दार उघडले, ते मी बाहेर पडल्यावर.) दोन आठवडे यकृत लहान व्हावे म्हणून पातळ खाणे. मग एक सकाळ, पोटावर पाच बारकी भोके, आणि दुपारी शुद्धीवर आलो तेव्हा नर्सबाई औषधाच्या झाकणाएवढ्या पेल्यातून पाणी देत होत्या. ‘‘घोट घोट घ्या जी, घाई नका करू.’’ मी, ज्याने पाण्याचा तांब्या कधी खाली ठेवून प्यायला नाही, ते झाकण पंधरा मिनिटे पुरवत होतो.

आणि मग ती गोष्ट घडली. पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी एक वाजला. शेजारच्या खाटेवर डबा उघडला, वांग्याच्या भाजीचा आणि चिन्नोर तांदळाच्या भाताचा वास खोलीभर पसरला. वास आला, छान वाटला आणि गेला. मागे काहीच उरले नाही. मला वाटले काहीतरी बिघडले. लहानपणापासून माझ्या डोक्यात एक माणूस सतत बोलत असे : जेवणाला किती वेळ आहे, डब्यात काय आहे, शेवटची वडी कोण घेणार. वर्गात पानिपत शिकवताना तो बोले, मर्तिकाला गेलो तर तिथेही बोले. तो माणूस गप्प झाला होता. १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी घ्रेलिन नावाचे भुकेचे संप्रेरक शोधले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते, आणि माझा नेमका तोच भाग काढून टाकला होता. एवढ्या एका कारणाने सगळे होते असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत, पण मला एवढे पुरले. माझे काटकुळे मित्र सांगत असत की संयम ठेवावा. त्यांच्या डोक्यात तो बोलणारा माणूस जन्मतःच नव्हता, आणि त्या शांततेला ते संयम म्हणत होते.

साखर घरी येईपर्यंत निम्म्यावर आली, दीड महिन्यात इन्सुलिन सुटले. टाच होळीच्या सुमाराला भरली. त्या संध्याकाळी पट्टीचा डबा कपाटात वर ठेवताना सौभाग्यवतींनी तो दोनदा पुसला.

सगळे गोड झाले असे नाही. चौथ्या महिन्यात केस असे गेले की चरकाच्या यादीत मी एका सदरातून दुसऱ्या सदरात गेलो. कातडी धोतरासारखी लोंबते. रात्री छातीत जळजळ होते. बी-बारा, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या मरेपर्यंत. जेवताना पाणी नाही. आणि लग्नातला गोळाभात! कढीवर फोडणीचे तेल, भाताच्या ढिगात डाळीचे वाफाळते गोळे, आणि माझी धाव अर्ध्या गोळ्यापर्यंत. भूक गेली त्याचे सुख आहे, पण जेवणाऱ्या माणसाची भूक जाते तेव्हा त्याच्यातला एक गावकरीही जातो. पंगतीत माझे ताट सर्वांच्या आधी थांबते आणि मग मी नुसता बसून वाढप्यांच्या नावांची उजळणी करतो. पहिल्या वर्षात बेचाळीस किलो उतरलो. नंतर पाच परत आले. असे थोडे येतातच म्हणतात.

आता २०२५ पासून आठवड्याला एक टोचायची इंजेक्शने आपल्याकडेही आली आहेत. मार्चमध्ये माउंजारो, जूनमध्ये वेगोव्ही. तीही भुकेला गप्प करतात, म्हणजे डोक्यातल्या त्या माणसाला आता बाहेरूनही दटावता येते. पितळी भांड्यांचे आमचे एक व्यापारी मित्र मला विचारतात, ‘‘गुरुजी, कापू का टोचू?’’ मी म्हणतो, आधी डॉक्टरांकडे जाऊन साखर तपासा. ते म्हणतात, लग्नसराई होऊ द्या.

राहता राहिली वारण्याची गोष्ट. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही, त्याचा ‘र’ होतो. डोळ्याला डोरा, केळ्याला केरा. २०१९ च्या मे महिन्यात लाखनीची माझी आत्या दारात आली, मला आपादमस्तक पाहिले आणि डोक्याला हात लावून ओरडली, ‘‘काहून गा बापू, किती वारलास!’’ म्हणजे वाळलास. हळूहळू सगळ्या नात्यात झाले, बापू वारला. फोनाफोनीत ही बातमी पुण्याच्या आमच्या चुलतमेव्हण्यांपर्यंत पोचली. ते शुद्ध भाषेचे प्राध्यापक. रात्रीच्या गाडीने निघाले, दुसऱ्या दिवशी दुपारी पांढऱ्या कपड्यांत, चेहरा पाडून आमच्या फाटकाशी उभे राहिले, आणि दार मी उघडले. सावरायला त्यांना दोन पेले पाणी लागले. मग हातपाय धुऊन जेवायला बसले. आत्याने वाढायला घेतले होते. माझ्या ताटातला उरलेला भातही शेवटी त्यांनीच संपवला.